माझं तोंड, आत्यांचे कान

माझ्या एका कानातली कुडी दुसरीपेक्षा पुढे आली आहे, हे सगळ्यात आधी नूरजहाँमावशीला दिसलं. कामशेतच्या बाजारात आमच्या तांदळाच्या दुकानाला लागूनच तिचं बांगड्यांचं दुकान. दिवसभर बायकांचे हात आणि कान बघण्यात तिचा जन्म गेलेला. एका सकाळी दुकान उघडताना ती माझ्याकडे बघत म्हणाली, "शोभा, तुजा डावा कान रुसलाय का गं? कुडी बग कशी वर आलीया."

मी हात लावला. कानाच्या पाळीखाली गाठ होती, सुपारीएवढी. ती तिथे होती हे मला माहीत होतंच. दुखत नव्हती, खुपत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे बघतही नव्हते. पण ती आता पाळी उचलायला लागली होती.

हे सगळं लिहून ठेवावं असं मला माझ्या डॉक्टरांनी सुचवलं. तुमच्याही कानापुढे अशी गाठ आली असेल आणि तुम्ही रोज आरशात बघून "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत असाल, तर या बाईचं ऐका. मीही तेच म्हणत होते.

दाढेचा दोष

गाठ का आली याचं कारण आमच्या घरात सर्वांना ठाऊक होतं, आणि ते साफ चुकीचं होतं.

आमच्याकडे पवनेच्या खोऱ्यातून, नाणे मावळातून तांदूळ येतो. पोतं उघडलं की चार दाणे उचलायचे, दाढेखाली धरायचे आणि दाबायचं. कट् असा आवाज झाला तर माल वाळलेला. दाणा नुसताच चेपला तर ओला, तो परत. यंत्रं आली आहेत, पण आमच्या दुकानात अजून माझी डावी दाढच चालते. ही विद्या मला सासूबाईंनी शिकवली. त्यांना मी आत्या म्हणते.

तर गाठ दिसल्यावर आत्यांनी निदान केलं, "दाढ दमली. किती वर्सं तांदूळ फोडतीयास त्या अंगानं." यांनाही (म्हणजे आमच्या मालकांना) ते पटलं. मलाही पटलं. मी दाणे उजव्या दाढेखाली धरायला लागले आणि आत्या रोज आंबेहळद उगाळून गालावर थापायला लागल्या, गालगुंडाला लावतात तशी. दुकानात येणारे विचारायचे, "वहिनी, पुन्यांदा हळद लागली का काय?" दर आठवड्याला आत्या बोटाने चाचपून सांगायच्या, "उतरतीया." गाठ काही उतरत नव्हती. आमच्या तिघांच्या मनाला तेवढीच समजूत होती.

मावशीने मात्र पिच्छा सोडला नाही. "माझ्या नणंदेला अशीच हुती, तिचं आपरेशन झालं. तू लोनावळ्याला जा, त्या कानाच्या डागदराकडं. दुकान मी बगते." ती खरंच दोन्ही दुकानांच्या मधे स्टूल टाकून बसली. मग न जाण्याला माझ्याकडे काही कारणच उरलं नाही.

जिथून तोंडाला पाणी सुटतं

दवाखाना लोणावळ्यात, तुंगार्लीच्या बाजूला होता. डॉक्टर माझ्याहून लहान, पण बोलणं सावकाश. त्यांनी एक बोट तोंडात घातलं, दुसरा हात गालावर ठेवला आणि गाठ दोन्हींच्या मधे धरून हलवून पाहिली. मग मला विचित्र कामं सांगितली. कपाळाला आठ्या घाला. डोळे गच्च मिटा. दात दाखवा. गाल फुगवा. शिट्टी वाजवता येते का? मला वाटलं, कानाचे डॉक्टर आहेत का सर्कशीचे.

"छान. नस चांगली आहे," ते म्हणाले.

"कुठली नस?" मी विचारलं. तिथून माझी शिकवणी सुरू झाली.

चिंच आठवली की तोंडाला पाणी सुटतं ना, ते जिथे तयार होतं त्या लाळेच्या ग्रंथी. त्यातली सगळ्यात मोठी कानाच्या पुढे आणि खाली, जबड्याच्या कोपऱ्याला धरून बसलेली असते. दोन बाजूंना दोन. तिची नळी गालातून आत येते आणि वरच्या दाढेच्या समोर उघडते. "जीभ फिरवून बघा, बारीकसा उंचवटा लागेल," ते म्हणाले. मी फिरवली, लागला. इतकी वर्षं ज्या दाढेने दाणे पारखले तिच्या शेजारी हे दार होतं आणि मला पत्ता नव्हता.

मग त्यांनी आपला पंजा स्वतःच्या गालावर ठेवला, मनगट कानाशी आणि बोटं पसरलेली. "चेहरा हलवणारी नस कानाच्या मागून येते आणि या ग्रंथीच्या आत शिरते. आतच तिच्या पाच फांद्या होतात. एक कपाळाला, एक डोळ्याला, एक गालाला, एक ओठाला, एक खाली हनुवटीकडे आणि मानेकडे. गाठ ग्रंथीत आहे आणि नसही ग्रंथीत आहे. अडचण एवढीच आहे."

सुईने पाणी काढून तपासलं, मोठा स्कॅन झाला. रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे, कॅन्सर दिसत नाही." मला फक्त कॅन्सर एवढाच शब्द ऐकू आला. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि मग तिसऱ्यांदा.

"साधी आहे तर राहू द्या की," हे म्हणाले.

"आज साधी आहे. अशी गाठ वर्षानुवर्षं ठेवली तर कधीकधी बिघडते. आणि मोठी झाली की नसेपासून सोडवणं अवघड. म्हणून आत्ता काढायची."

मी विचारलं, "माझं तोंड जाईल का?"

ते पटकन "नाही" म्हणाले नाहीत, याचं मला तेव्हा वाईट वाटलं आणि आज बरं वाटतं. म्हणाले, "बहुतेकांचं काही होत नाही. काहींचं काही आठवडे, काही महिने वाकडं राहतं आणि परत येतं. फार थोड्यांचं कायमचं जातं. ते होऊ नये यासाठीच आमची सगळी मेहनत असते."

परत येताना गाडीत मी आरशात बघत होते. मला चेहऱ्याची काळजी नव्हती असं नाही, बाईच आहे मी. पण खरी धास्ती होती ती आत्यांमुळे.

मिशीत अडतं

माझ्या लग्नानंतर चार-पाच वर्षांत आत्यांचे कान गेले. हळूहळू गेले आणि मग पूर्ण गेले. यंत्र आणलं. ते लावून आत्या दोन दिवस बसल्या आणि म्हणाल्या, "डोक्यात भाताची गिरण चालू झालीया, काढा हे." यंत्र डबीत गेलं आणि डबी फडताळात गेली. तेव्हापासून आत्या माझं तोंड वाचतात.

कोणी शिकवलं नाही. मी समोर बसून सावकाश बोलायचे, त्या ओठ बघायच्या. आता तर मी आवाजही काढत नाही, नुसते ओठ हलवते. बाजारात कोणाचं काय झालं, पाहुणे काय म्हणाले, टीव्हीवरची बाई का रडते आहे, सगळं त्यांना माझ्या तोंडून जातं. दुसऱ्या कोणाचं तोंड त्यांना जमत नाही. यांचं तर मुळीच नाही. "त्याच्या मिशीत समदं आडतंय," म्हणतात. यांना मिशी काढा म्हटलं तर ऐकत नाहीत. आत्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद.

म्हणजे माझे ओठ वाकडे झाले तर त्या माउलीचं जग बंद होणार होतं. आणि हे त्यांना सांगू शकणारी घरात मी एकटीच.

हे म्हणत होते, "नको करायला. दुखत न्हाई, खुपत न्हाई. तोंडाचा खेळ कशाला?" आमची यावरून चांगलीच जुंपली. मी म्हटलं, उद्या ती बिघडली तर तोंडही जाईल आणि मीही जाईन. हे उठून बाहेर गेले आणि टेम्पोचं टायर चांगलं असताना बदलायला लागले. पुरुष घाबरला की त्याला हत्यारं लागतात.

शेवटी मी आत्यांसमोर बसले. सगळं सांगितलं, ग्रंथी, नस, पाच फांद्या, माझा पंजा गालावर ठेवून. त्या टक लावून माझे ओठ बघत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजी चिखलात मुळं हायती, आन चिखल काढायचा, मुळं ठिवायची. आसं का?"

मी मान हलवली.

"आवण काढतो तसंच की मग." आवण म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं. आमच्याकडे आवण काढण्यात आत्यांचा हात धरणारी बाई नव्हती. त्या उठल्या, हाताने मूठ धरल्यासारखं केलं. "त्या डागदराला म्हनावं, हिसका मारायचा न्हाई. हिसका मारला की मूळ तुटतंय. बुडाला धरायचं, चिखल सैल करायचा, आन मग सोडवायचं. घाई कराय न्हाई."

"आणि तुटलंच तर?" मी ओठ हलवले.

"तुजं तोंड म्हंजी माजं कान हायती. पर तूच न्हाई ऱ्हायलीस तर कान घिऊन मी काय करू? जा तू."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी हळदीच्या हाताने माझा गाल पिवळा केला.

बाटली

ऑपरेशन पुण्यात झालं. लोणावळ्याचे डॉक्टरच तिथे येऊन करणार होते, त्यामुळे ओळखीचा एक चेहरा होता. आदल्या दिवशी मी त्यांना आत्यांचा निरोप दिला. म्हटलं, हसाल, पण सांगून टाकते. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्यांना सांगा, हेच करतो. नस आधी शोधायची, बुडापासून धरायची आणि एकेक फांदी सोडवत जायचं. म्हणून वेळ लागतो. बाहेर बसणाऱ्यांना घाबरू नका म्हणावं."

कानापुढचे थोडे केस काढले. कानातलं, गळ्यातलं, हातातलं सगळं यांच्या रुमालात बांधलं. आत नेताना यांनी माझा हात धरला आणि लग्नात धरला होता त्यापेक्षा जोरात दाबला. भूल देणारी मुलगी म्हणाली, "मावशी, तुमच्या गावाचं नाव सांगा." मी "काम" म्हटलं आणि "शेत" बहुधा झोपेतच म्हटलं.

जागी झाले तेव्हा मानेला पट्टी, आणि जखमेतून निघालेल्या नळीला एक लहानशी बाटली लटकवलेली. त्यात लालसर पाणी. ती बाटली बरोबर घेऊनच सगळीकडे फिरायचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मला बाटलीसाठी पिशवी शिवून दिली, जुन्या ब्लाउजपीसची. तिचं स्वतःचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि तिला हातांना काहीतरी काम हवं होतं.

डॉक्टर आले. पुन्हा सर्कस. आठ्या, झाल्या. डोळे मिटा. उजवा मिटला, डावा सावकाश, थोडी फट राहिली. दात दाखवा. मी दाखवले आणि यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले, तेव्हा मला कळलं.

डावीकडचा खालचा ओठ हलत नव्हता.

"घाबरायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "नस शाबूत आहे. पाचही फांद्या मी डोळ्यांनी बघितल्यात. हाताळली गेली म्हणून ती रुसलीये. येईल." त्यांनी विश्वासाने सांगितलं, आणि मी विश्वास ठेवायचं ठरवलं. पण ठरवणं आणि ठेवणं यांत फरक असतो. तोंड भिंतीकडे करून मी खूप वेळ पडून राहिले.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट नंतर आला. साधीच होती. पूर्ण निघाली होती. त्या दिवशी यांनी हॉस्पिटलच्या दाराशी भेटेल त्याला चहा पाजला.

दोन म्हातारी माकडं

घरी आले. आत्या ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा वळवून बघितला, टाके बघितले, कान बघितला. मी म्हटलं, "आत्या, गाठ गेली. साधी निघाली." त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. पुन्हा म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ती समजल्याची नव्हती, मला बरं वाटावं म्हणून हलवलेली. ही गोष्ट त्यांना शेवटी यांनी दोन्ही हात आभाळाकडे करून सांगितली.

चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायचा. डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना पट्टी लावायची. पहिला घास चावताना गालात अशी कळ यायची की डोळ्यांपुढे तारे. कानाची पाळी बधिर, कुडी घातली तरी कळायचं नाही. दुकानात लोक बघायचे. मावशी शेजारून ओरडायची, "दाताचं काम काडलंय तिचं, बगताय काय? तांदूळ घ्या आन चला." आजवर मी इतकं सुंदर खोटं ऐकलेलं नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आत्या गप्प झाल्या. जेव, पाणी, औषध एवढं हातांनी सांगता येतं. गल्लीतल्या सुलीची सासू तिच्याशी का भांडली ते हातांनी कसं सांगणार? आधी त्या दिवसभर विचारायच्या, "मग पुडं काय झालं?" आता विचारणं बंद झालं. विचारून मला त्रास होईल म्हणून.

व्यायाम सांगितले होते, आरशासमोर बसून ओठ ओढा, चंबू करा, गाल फुगवा. मला आरसा नकोसा झाला होता. बसायचे आणि उठायचे. एक दिवस आत्यांनी आरसा काढून घेतला आणि त्या जागी स्वतः बसल्या. मी चंबू केला, त्यांनी केला. मी गाल फुगवले, त्यांनीही फुगवले. त्यांच्या तोंडात दोनच दाढा उरलेल्या, हवा फुस्स करून निघून गेली. आम्ही दोघी हसलो. माझं हसू अर्धंच आलं, पण आलं. मग हे रोजचंच झालं, सकाळ-संध्याकाळ दोन माकडं समोरासमोर. हे दारातून बघायचे आणि मान हलवत जायचे.

एका गोष्टीची मात्र मला चटक लागली. आत्यांना माझं बोलणं कळत नाही म्हटल्यावर मी त्यांच्या देखत ओठातल्या ओठात कुरकुर करायला लागले. एरवी त्यासाठी पाठ फिरवावी लागायची. सुनांना ही चैन सहसा मिळत नाही. आजारपणातही काही फायदे असतात, ते घ्यावेत.

उन्हात

उन्हाळ्यात लोक वर्षाचे तांदूळ भरतात. आमच्याकडे एरंडेल लावून देण्याची पद्धत आहे, आणि ते काम आत्यांचं. त्या दिवशी त्या भर उन्हात अंगणात बसल्या होत्या, पुढ्यात पाटी, तांदळाला तेल चोळत. सावलीत या म्हणून मी दोनदा हात केला. ढिम्म. मी तांदळाची दुसरी पाटी आणून ठेवताना ओठातल्या ओठात म्हटलं, "बसा उन्हात. चक्कर आली की मलाच धावायचंय. म्हातारीला सांगून काही उपयोग नाही."

"चक्कर आली तर नूरजाला हाक मारीन," आत्या तांदळावरून हात न काढता म्हणाल्या. "तुला न्हाई."

मी उभीच राहिले. त्याही थांबल्या. माझ्याकडे बघायला लागल्या.

मी आवाज न काढता विचारलं, "आत्या, काय म्हणाले मी?"

"म्हातारी म्हनलीस."

"कधीपासून कळतंय?"

"परवापासनं जरा जरा. मला वाटलं माजंच डोळं चळलं. म्हनून बोलले न्हाई." त्यांनी तेलकट बोट माझ्या डाव्या ओठाच्या कोपऱ्याला लावलं. "हितं हालतंय. आरशात दिसायचं न्हाई तुला, माज्या डोळ्याला दिसतंय. आन काल चहात साखर कमी घालून वर मलाच नावं ठिवलीस, ते बी कळलंया."

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी दात दाखवायला सांगितले आणि म्हणाले, "अरे वा, यायला लागलं की!" मी म्हटलं, आमच्याकडे हे आधीच कळलंय.

आता ओठ जवळपास पूर्वीसारखा आहे. खूप दमले की जरा मागे राहतो. पाळी अजून थोडी बधिर आहे. आणि एक नवीनच गंमत झाली आहे, दाणा दाढेखाली धरला की डाव्या गालाला घाम येतो. डॉक्टर म्हणतात, लाळेच्या ग्रंथीकडे जाणारे बारीक धागे चुकून घामाच्या घरी गेलेत, अपाय काही नाही. मी पदराने गाल पुसते आणि सांगते, माल वाळलेला आहे.

पण मला त्या दिवसाचंच सांगायचं होतं. अंगणात मी मटकन खाली बसले, हसत होते का रडत होते मला सांगता येणार नाही. आत्यांनी तांदळाची पाटी बाजूला सारली, हात लुगड्याला पुसले, आणि उठून सावलीत आल्या, न सांगता. माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं.

"हं, बोल," म्हणाल्या. "लय दिसांचं ऱ्हायलंय."